पहिल्या नोबेल समारंभाचे चित्र



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांचे बोलावणे आले तेव्हा आम्ही थोडे संकोचलो. या व्यासपीठावरून प्राध्यापक बोलतात, वकील बोलतात, ग्रंथकार बोलतात. आमची शाळा दहावीच्या आतच सुटली. पुढचे शिक्षण दिवसा फौंड्रीच्या भट्टीसमोर आणि रात्री सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. अशा माणसाने इतिहासावर काय बोलावे, असे आम्ही चालकांना विचारले. ते म्हणाले, "तुमच्या जवळचे जे असेल त्यावर बोला." आमच्या जवळ एक चित्र आहे. तेव्हा त्या चित्रावरच बोलावयाचे आम्ही ठरविले.

हे चित्र आम्हांस वाचनालयाने रद्दीत काढलेल्या मुलांच्या एका जुन्या पुस्तकात मिळाले. चित्रकाराने आपले नाव घातलेले नाही. खाली एकच ओळ आहे : 'पहिले नोबेल पारितोषिक, १९०१.' झुंबरे लावलेले एक मोठे दालन आहे. उंच आसनापुढे मुकुट घातलेला राजा उभा आहे. त्याच्या हातात सोन्याचे पदक चकाकते आहे, आणि समोर काळ्या कोटातील एक दाढीवाला विद्वान मान लववून उभा आहे. मागे सरदार-दरकदार आणि त्यांच्या स्त्रिया टाळ्या वाजवीत आहेत. चित्र रंगीत आहे, रेषा चांगल्या आहेत. आम्ही ते काच बसवून युनियनच्या कचेरीत लावले. विद्येचा मान राजाने केला, हे आपल्या पोरांच्या डोळ्यांसमोर असावे, एवढाच आमचा हेतू होता.

काही वर्षे चित्र तसेच राहिले. मग एके दिवशी एक म्हातारे मोल्डर कचेरीत आले. आयुष्यभर वाळूचे साचे भरलेला माणूस. आम्ही सारे त्यांना मामा म्हणत असू. जिना चढून आल्यामुळे त्यांना धाप लागली होती. बाकावर बसून ते बराच वेळ चित्राकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "आण्णा, ह्यातला आपला माणूस कंचा?"

आम्ही हसलो. म्हटले, "मामा, हा शास्त्रज्ञांचा समारंभ. ह्यात आपला माणूस कुठला असायला?"

मामा काही बोलले नाहीत. त्यांच्या काखेत एक मोठा पिवळा लखोटा होता, आणि त्यात त्यांच्या छातीचा फोटो होता. एक्स-रेच्या प्लेटला आमच्याकडे 'फोटो'च म्हणतात. मामा गेल्यावर आमच्या ध्यानात आले की चित्रातला तो दाढीवाला विद्वान म्हणजे विल्हेल्म राँटगेन, आणि मामांच्या काखेत होता तो त्याच्याच शोधाचा कागद. त्या दिवशी कचेरीत दोन चित्रे होती. भिंतीवरचे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो होतो. काखेतले पाहावयाचे राहिले होते. मामांच्या प्रश्नाला हसून आम्ही उत्तर दिले ते चुकीचे होते. बरोबर उत्तर शोधण्यासाठी आम्ही पुन्हा वाचनालयाची पायरी चढलो, आणि जे हाती लागले तेच आज आपणांपुढे ठेवीत आहो.

चित्रातील चुका

प्रथम भिंतीवरचे चित्रच तपासू. दिवस १० डिसेंबर १९०१. आल्फ्रेड नोबेल यांच्या मृत्यूला त्या दिवशी बरोबर पाच वर्षे होत होती. स्थळ स्वीडनची राजधानी स्टॉकहोम, तेथील राजकीय संगीत अकादमीचे सभागृह. येथवर ठीक आहे. परंतु चित्रातला मुकुटधारी राजा त्या दिवशी तेथे नव्हताच! राजा दुसरा ऑस्कर समारंभाला आला नाही; पारितोषिके युवराज गुस्ताव यांनी दिली. एका स्वीडिश माणसाचा एवढा पैसा परदेशीयांच्या हाती जावा हे राजाला रुचले नव्हते, असे सांगतात. त्या वर्षीच्या मानकऱ्यांत खरोखरच एकही स्वीडिश नव्हता. पुढल्या वर्षी मात्र राजा आला आणि स्वहस्ते पारितोषिके देऊ लागला. ज्याने त्या दिवशी पाठ फिरविली त्यालाच चित्रकाराने मध्यभागी उभे केले! समारंभ म्हटला की राजा हवाच, अशी चित्रकारांची समजूत जुनी आहे.

दुसरी चूक पदकाची. एरिक लिंडबर्ग या कारागिराकडे पदकाचे काम दिले होते, पण समारंभापर्यंत ते पुरे झाले नाही. म्हणून पहिल्या मानकऱ्यांना हलक्या धातूचे, नोबेलचा मुखवटा असलेले एक तात्पुरते पदक आठवण म्हणून देण्यात आले. खरी सोन्याची पदके १९०२ च्या सप्टेंबरात पाडली गेली. म्हणजे चित्रात चकाकणारे सोने त्या दिवशी सभागृहात नव्हतेच. कारागिराचे काम पुरे व्हावयाचे होते, एवढी साधी गोष्ट. परंतु ती चित्रात दाखविली तर समारंभाची शोभा कमी होते.

तिसरी गोष्ट अशी की त्या दिवशीचा मानकरी एक नव्हता. पदार्थविज्ञानासाठी राँटगेन, रसायनशास्त्रासाठी हॉलंडचे व्हान्ट हॉफ, वैद्यकासाठी जर्मनीचे एमिल फॉन बेरिंग हे तिघे तेथे उपस्थित होते. साहित्याचे मानकरी फ्रेंच कवी सुली प्रुदोम आजारी असल्यामुळे येऊ शकले नाहीत. शांततेचे पारितोषिक तर नॉर्वेच्या राजधानीत, त्या वेळच्या क्रिस्तियानियात, जाहीर झाले. ते रेडक्रॉसचे जनक हेन्री ड्युनां आणि शांततावादी फ्रेदेरिक पासी यांच्यात वाटून दिले. हे ड्युनां एके काळी व्यापारात बुडाले, दिवाळखोर ठरले, आणि तेव्हा स्वित्झर्लंडमधल्या हायडेन गावी एका रुग्णालयाच्या खोलीत दिवस कंठीत होते. पारितोषिकाचा पैसा त्यांनी स्वतःसाठी खर्च केला नाही. गावातील गरीब रोग्यासाठी त्याच रुग्णालयात एक खाट कायमची मोफत राहावी, अशी तजवीज त्यांनी मृत्युपत्रात केली. चित्रकाराला जर आम्हांस काही सुचवावयाचे असते तर ती खाट काढावयास सांगितली असती.

मान लववून उभा असलेला माणूस

आता राँटगेनकडे वळू. त्याच्याविषयी आम्हांस आदर आहे, आणि त्याचे पहिले कारण शाळेतले आहे. १८६३ साली हा मुलगा हॉलंडमधल्या उत्रेख्त येथील तांत्रिक शाळेत शिकत होता. वर्गातील कोणा मुलाने एका शिक्षकाचे व्यंगचित्र काढले. ते राँटगेनने काढले नव्हते, पण कोणी काढले हे तो सांगेना. शाळेने त्याला काढून टाकले. पुढे शालान्त प्रमाणपत्र नाही म्हणून विद्यापीठाची वाट अडली. अखेर १८६५ साली झुरिचच्या पॉलिटेक्निकमध्ये प्रवेशपरीक्षा देऊन त्याने आत पाऊल टाकले. आम्ही युनियनवाले. सोबत्याचे नाव मालकाला न सांगता नोकरी गमावणारी माणसे आम्ही पाहिली आहेत, म्हणून ही हकीकत वाचताना हा परदेशी प्राध्यापक आम्हांस एकाएकी जवळचा वाटू लागला.

१८९५ च्या ८ नोव्हेंबरला वुर्झबुर्ग येथील आपल्या प्रयोगशाळेत हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीतून विजेचा प्रवाह सोडून तो प्रयोग करीत होता. नळी काळ्या पुठ्ठ्याने झाकलेली होती, तरीही जवळचा रासायनिक लेप लावलेला कागद उजळू लागला. कागद दूर नेला तरी उजळतच होता. डोळ्यांना न दिसणारे, पुठ्ठ्यातून आरपार जाणारे हे किरण कोणते, हे माहीत नव्हते. म्हणून बीजगणितातील अज्ञात राशीचे अक्षर त्याने त्यांना दिले. आपल्याकडच्या लेखकांनी त्यावरून 'क्ष-किरण' हा शब्द केला. आपल्या बीजगणितातही अज्ञात राशीला 'क्ष'च म्हणत, त्यामुळे शब्द चपखल बसला. २२ डिसेंबरला त्याने पत्नी बेर्टा हिचा हात नळीखाली धरून छायाचित्र घेतले. हाडे दिसली, आणि बोटातली अंगठीही दिसली. २८ डिसेंबरला त्याने आपला निबंध सादर केला आणि काही आठवड्यांत ही वार्ता जगभर गेली.

दुसरे कारण याहून मोठे आहे. राँटगेनने या शोधाचे पेटंट घेतले नाही. घेतले असते तर तो अमाप धनवान झाला असता. शोध साऱ्यांच्या उपयोगासाठी आहे, तो एखाद्या कंपनीच्या कुलपात जाऊ नये, असे त्याचे मत होते. बव्हेरियात देऊ केलेली सरदारकीची उपाधीही त्याने नाकारली. नोबेल पारितोषिकाची रक्कम त्याने वुर्झबुर्ग विद्यापीठाला दिली. ती रक्कम त्या वेळच्या चलनात १,५०,७८२ क्रोनर होती. स्टॉकहोमला त्याने पारितोषिक घेतले, पण नोबेल व्याख्यान मात्र दिले नाही. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन मार्कची किंमत कोसळली, त्यात त्याची शिल्लकही गेली. १० फेब्रुवारी १९२३ रोजी म्युनिक येथे तो वारला. चित्रात राजापुढे मान लवविणारा हा माणूस धनापुढे आणि पदवीपुढे मात्र लवला नाही, हे चित्र पाहणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

पैसा कोठून आला

राँटगेनने नळीखाली तो प्रकाश पाहिल्यानंतर एकोणिसाव्या दिवशी, २७ नोव्हेंबर १८९५ रोजी, पॅरिसमध्ये आल्फ्रेड नोबेल याने आपल्या अंतिम मृत्युपत्रावर सही केली. दोघांना एकमेकांच्या कृत्याची खबर नव्हती. पुढच्या वर्षी १० डिसेंबरला सान रेमो येथे नोबेल वारला. मागे ठेवलेल्या मालमत्तेतून सुमारे तीन कोटी दहा लक्ष क्रोनर या निधीस मिळाले. मानवजातीचे सर्वांत अधिक कल्याण ज्यांनी केले त्यांना, देश कोणता हे न पाहता, दरसाल त्याच्या व्याजातून पारितोषिके द्यावीत, असे त्याने लिहून ठेवले होते.

नोबेल हा स्वतः कष्टाळू संशोधक होता. ३५५ पेटंटे त्याच्या नावावर होती. परंतु पैसा केवळ पेटंटाने निर्माण होत नाही; तो कारखान्यात निर्माण होतो, आणि हा कारखाना नायट्रोग्लिसरीनचा होता. ३ सप्टेंबर १८६४ रोजी स्टॉकहोममधल्याच हेलेनेबोर्ग येथे नोबेल कुटुंबाच्या शेडमध्ये स्फोट झाला. त्यात आल्फ्रेडचा धाकटा भाऊ एमिल ठार झाला. वय एकवीसही पुरे नव्हते. त्याच्याबरोबर आणखी चौघे गेले. पुढे शहरात हा उद्योग करण्यास बंदी झाली, तेव्हा नोबेलने तो तळ्यातील एका तराफ्यावर नेला. नायट्रोग्लिसरीन एका सच्छिद्र मातीत मुरविले म्हणजे ते हाताळण्यास पुष्कळच सुरक्षित होते, हे त्याने हुडकून काढले आणि १८६७ साली डायनामाइटचे पेटंट घेतले. तरीही हँबुर्गजवळच्या त्याच्या क्र्युमेल येथील कारखान्यात १८६६ आणि १८७० साली मोठे स्फोट झाले. ज्या शहरात पाच माणसे उडाली त्याच शहरात सदतीस वर्षांनी पहिला नोबेल समारंभ भरला, ही गोष्ट पारितोषिकाच्या हकीकतीत सहसा कोणी सांगत नाही.

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर आर्डीर येथे नोबेलचा दुसरा प्रचंड कारखाना होता. तेथे नायट्रोग्लिसरीन बनविण्याच्या भांड्याशी एक कामगार तापमापकावर नजर ठेवून बसलेला असे. तापमान मर्यादेबाहेर गेले की सारेच संपले. या माणसाला बसावयास एका पायाचे स्टूल देत. डुलकी लागली तर तो कोलमडून पडावा आणि जागा व्हावा, ही त्यातली युक्ती. बंधूंनो, आम्ही रात्रपाळीत उभ्या उभ्या पेंगलेली माणसे आहो. त्या स्टुलाचे वर्णन वाचून आमच्या पाठीतून कळ गेली. काडतुसे भरण्याचे काम तेथे बायका-मुली करीत.

आणि या मालाचा उपयोग? युद्धात झाला तसा तो डोंगर फोडण्यातही झाला. हे आम्ही निंदेने म्हणत नाही. आपला खंडाळ्याचा घाट १८५६ ते १८६३ या काळात फोडला तेव्हा डायनामाइट नव्हते. साध्या बंदुकीच्या दारूने कातळ उडविला, आणि त्या कामावर रोगाने व अपघाताने हजारो मजूर मेले. नव्या दारूने काम लवकर होऊ लागले. मात्र काम लवकर झाले म्हणून कामगाराचा जीव महाग झाला असे नाही. आल्प्स पर्वतात १८७२ ते १८८२ या दहा वर्षांत गोट्‌हार्डचा पंधरा किलोमीटरचा बोगदा डायनामाइटने फोडला. त्यात सुमारे दोनशे कामगार मेले. बहुतेक इटालियन मजूर होते. १८७५ च्या जुलैत त्यांनी कुबट हवा, मजुरी आणि राहण्याचे हाल यांविरुद्ध संप केला, तेव्हा त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि चौघे ठार झाले. त्या बोगद्यासाठी खपलेल्या डायनामाइटच्या नफ्याचा काही अंश पुढे मृत्युपत्रातून पारितोषिकात आला, हे हिशेब जाणणाऱ्या कोणालाही मान्य करावे लागेल. नोबेलने धन चोरले असे आम्ही म्हणत नाही. त्या धनाचे भागीदार पुष्कळ होते आणि मृत्युपत्रावर सही एकट्याची होती, एवढेच आमचे म्हणणे.

ब्रांटिंग यांचा आक्षेप

हा विचार आमचाच आहे असे नाही. नोबेलचे मृत्युपत्र १८९७ साली प्रसिद्ध झाले तेव्हा स्वीडनमधील समाजवादी पुढारी आणि संपादक यालमार ब्रांटिंग यांनी आपल्या पत्रात त्यावर कडक टीका केली. दान करणारा लक्षाधीश व्यक्ती म्हणून आदरास पात्र असेल. पण लक्षाधीशही नकोत आणि त्यांची दानेही नकोत, अशी समाजाची स्थिती असणे अधिक बरे, असा त्यांच्या टीकेचा आशय होता. कष्ट पुष्कळांचे असतात आणि पारितोषिक थोड्यांना जाते, हा त्यांचा रोख.

नियतीची गंमत पाहा! हेच ब्रांटिंग १९२० साली स्वीडनचे पहिले समाजवादी पंतप्रधान झाले आणि १९२१ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी ते घेतले. कोणी म्हणेल, बोलले एक आणि केले एक. आम्हांस तसे वाटत नाही. ज्या पैशावर आपला हक्क आहे असे आपण म्हणतो, तो आपल्या कामासाठी घेण्यात कमीपणा नाही. फक्त तो घेताना पहिले बोललेले विसरू नये.

चित्राच्या चौकटीबाहेर

आता त्या दिवशीच्या पारितोषिकांच्या कडेला कोण उभे होते ते पाहू. बेरिंग यांना घटसर्पावरील रक्तरसाच्या उपचारासाठी पारितोषिक मिळाले. घटसर्पाने गुदमरून मरणारी लाखो मुले त्या उपचाराने पुढे वाचली. शोध थोर, यात वाद नाही. परंतु १८९० साली या विषयावरचा पाया घालणारा निबंध बेरिंग यांनी एकट्याने लिहिलेला नव्हता. त्यावर शिबासाबुरो किटासाटो या जपानी शास्त्रज्ञाचेही नाव होते, आणि धनुर्वाताविषयीचे काम मुख्यतः त्याचेच होते. पारितोषिक देताना एकच नाव उरले. आशियातून शिकावयास गेलेल्या त्या माणसाचे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले असेल?

आणि क्ष-किरणांची किंमत कोणी दिली? अमेरिकेत एडिसनच्या प्रयोगशाळेत क्लॅरेन्स डॅली नावाचा एक काचकाम करणारा कारागीर होता. नळ्या फुंकावयाच्या, आणि नळी नीट चालते की नाही हे पाहावयास आपला हात किरणांपुढे धरावयाचा, हे त्याचे रोजचे काम. काही वर्षांत हातावर जखमा झाल्या. त्या भरेनात. मग कर्करोग झाला, हात कापावे लागले, आणि १९०४ साली वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी तो मेला. एडिसनने क्ष-किरणांचे काम सोडून दिले. पारितोषिक मिळाले त्यानंतर तिसऱ्याच वर्षी घडलेली ही गोष्ट आहे. पुढे किती डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ असेच गेले! १९३६ साली हँबुर्गमधील सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात त्यांच्या स्मरणार्थ एक शिळा उभारली गेली, तेव्हा तिच्यावर दीडशेहून अधिक नावे कोरलेली होती. आम्हांस विचाराल तर १० डिसेंबर १९०१ च्या चित्राचा उरलेला अर्धा भाग म्हणजे ती शिळा.

मामांनी विचारले होते, ह्यातला आपला माणूस कोणता. त्याचे उत्तर आता आम्हांस देता येते. मामा, तुमची माणसे पुष्कळ आहेत : हेलेनेबोर्गचे चौघे, एका पायाच्या स्टुलावरचा तो, गोट्‌हार्डचे संपकरी, नळ्या फुंकणारा डॅली. चित्रकाराने त्यांना काढले नाही, एवढेच. आणि ज्याला काढले तो राँटगेनही, सोबत्याचे नाव न सांगणारा तो मुलगा, पुष्कळसा आपलाच.

दुसरे चित्र

परंतु हे उत्तर ऐकावयास मामा राहिले नाहीत. ती हकीकत सांगून आम्ही संपवितो, कारण इतिहास केवळ स्टॉकहोमात घडत नाही.

त्यांच्या छातीच्या फोटोवर बारीक बारीक ठिपके होते. प्रथम तो क्षय ठरला. एका दवाखान्याने क्षयाची औषधे दिली, महिनोन् महिने दिली. थुंकीत मात्र जंतू सापडत नव्हते. धाप वाढतच गेली. मग आम्ही तो लखोटा घेऊन दुसऱ्या एका जाणत्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी प्लेट उजेडासमोर धरली आणि पहिला प्रश्न विचारला, "हे काम काय करतात?" आधी कोणी हा प्रश्न विचारलाच नव्हता! फौंड्रीत वाळूचे साचे भरतात, ओतीव फोडतात, साफ करतात, असे आम्ही सांगितले. डॉक्टर म्हणाले, हा सिलिकोसिस असण्याचा संभव फार आहे. वाळूची बारीक धूळ फुप्फुसात बसून हे ठिपके होतात. प्लेटवरचे ठिपके दोन्ही रोगांत दिसतात. पण कामाची माहिती आणि प्लेट शेजारी शेजारी ठेवली की उलगडा होतो.

सिलिकोसिस हा कायद्याने व्यवसायजन्य रोग मानलेला आहे; त्यास भरपाई मिळते. आम्ही दावा केला. समोरच्या पक्षाने विचारले, हा रोग आमच्याकडेच झाला कशावरून? नोकरीस लागताना यांची छाती स्वच्छ होती याला पुरावा काय? पुरावा होता. मधल्या काळात कारखान्याने कामगारांचे फोटो काढून घेतले होते. पण त्या प्लेटा कारखान्याच्या कपाटात होत्या आणि कपाटाला कुलूप होते. त्या मिळविण्यातच पुष्कळ काळ गेला. निकाल आमच्या बाजूने लागला तेव्हा मामा नव्हते. रक्कम मामींच्या हातात पडली. मामींनी विचारले, "हा फोटो आता परत द्यायचा का?" आम्ही म्हटले, "नाही मामी, तो तुमचा."

श्रोतेहो, आम्हांस म्हणावयाचे आहे ते एवढेच. ज्या शोधाचे पेटंट त्याच्या कर्त्याने घेतले नाही, तो शोध सर्वांचा व्हावा म्हणून ज्याने संपत्ती नाकारली, त्याच्या शोधाचा कागद शंभरांहून अधिक वर्षांनंतर एका कपाटात कुलुपबंद होता, आणि ज्याच्या छातीचा तो कागद त्याला तो पाहावयास मिळत नव्हता. शोध लागला म्हणजे तो माणसापर्यंत पोचला असे होत नाही. समारंभाच्या टाळ्या आणि माणसाच्या हातातली प्लेट यांच्यामध्ये बरेच अंतर असते, आणि ते अंतर चालण्याचे काम शास्त्रज्ञाचे नाही. ते आपले आहे.

आमचा एक तरुण सोबती म्हणाला, "आण्णा, मग ते राजाचे चित्र काढून टाका की." आम्ही काढले नाही. चुकीचे चित्र फाडल्याने खरे चित्र तयार होत नसते. आम्ही त्याच्या खाली एक कागद डकविला आहे. त्यावर राजा आला नव्हता हे लिहिले आहे, पदक सोन्याचे नव्हते हे लिहिले आहे, आणि एमिल नोबेल, किटासाटो, डॅली ही नावे लिहिली आहेत. ज्यांची नावे आम्हांस मिळाली नाहीत त्यांची कामे लिहिली आहेत. सर्वांत खाली मामांचे नाव आहे. कचेरीत येणारी पोरे आता चित्र पाहून थांबत नाहीत, खालचा कागदही वाचतात.

त्यासोबत युनियनची मागणीही तेथेच लिहिली आहे, ती आपणांसही सांगतो : फौंड्रीत कामाला लागणाऱ्या प्रत्येकाच्या छातीचा फोटो पहिल्याच दिवशी निघावा, पुढे ठराविक काळाने निघत राहावा, आणि प्रत्येक प्लेटची एक प्रत त्या कामगाराच्या घरी असावी. या सभेत डॉक्टर असतील तर त्यांना आमची विनंती आहे की खोकला ऐकण्यापूर्वी 'काम काय करता' हे विचारावे. कारखानदार असतील तर त्यांनी कपाटाची किल्ली काढावी. आणि शिक्षक असतील तर त्यांनी मुलांना अशी चित्रे जरूर दाखवावीत. फक्त दाखवून झाल्यावर मामांचा प्रश्न त्यांना विचारावा.